पत्र्याच्या शेडमध्ये ठरलं

भूकंपावरचं नाटक बसवतेय असं सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असायचा: भूकंप कसा दाखवणार? विचारणाऱ्यांत नाट्यगृहाचा व्यवस्थापक असायचा, टेम्पोवाला असायचा, आमच्याच संचातली नवी मुलं असायची. कुणी सुचवायचं, रंगमंचाखाली मोटर बसवा. कुणी म्हणायचं, स्ट्रोब लावा, सगळं तुटक तुटक दिसेल. एका उत्साही नेपथ्यकारानं तर दर प्रयोगाला मागची भिंत कोसळेल अशी रचना कागदावर काढून आणली होती. रचना चांगली होती. भिंत पुन्हा उभी करायला माणसं आणि पैसे नव्हते एवढंच. पण पैसे असते तरी मी ती घेतली नसती. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चार वाजायला चार मिनिटं असताना जे झालं ते काही सेकंदांत आटोपलं. आमचं नाटक पुढच्या दोन वर्षांचं होतं.

किल्लारीच्या भूकंपाला दहा वर्षं होत आली होती तेव्हाची ही गोष्ट. मी औरंगाबादला विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकून लातूरला परतले होते. नाटकाचा लेखक उमरग्याकडचा, शाळेत शिकवणारा. त्यानं आणलेली संहिता दोन भावांची होती. औसा-उमरगा पट्ट्यातलं एक गाव, नाव मुद्दाम दिलेलं नाही. सोळा एकर सामाईक जमीन, एक चूल, माळवदाचं घर. गणपती बुडवून उशिरा आलेला थोरला पारावरच आडवा झालेला. त्याची बायको-पोरं खणाच्या सोप्यात, लाकडाच्या खांबांखाली, म्हणून वाचलेली. धाकटा, त्याची बायको आणि लहान पोरगी मागच्या खोलीत. तिथं लाकूड नव्हतं, नुसत्या दगड-मातीच्या दोन हात रुंद भिंती आणि वर वर्षानुवर्षं थर चढवलेली माती. धाकटा गेला. थोरल्यानं हातांनी दगड उपसून भावजयीला आणि पोरीला बाहेर काढलं.

आणि याच थोरल्यानं पुढे तात्पुरत्या निवाऱ्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये भावजयीचा अंगठा एका कागदावर घेतला, ती माहेरी निघून गेल्याचं लिहून दिलं, आणि पुनर्वसनात तिच्या वाट्याला येणारं घर आपल्या मुलाच्या नावावर करून घेतलं.

एवढंच नाटक. गाजावाजा करण्यासारखं त्यात काही नाही; त्या भागात अशा गोष्टी चहाच्या टपरीवर पाच मिनिटांत सांगून होतात. नाटक म्हणून मात्र ती फार अवघड निघाली. अडचण अशी होती की भूकंप कुणालाही दोषी ठरूच देत नाही. सरकारी आकडा ७,९२८ मृतांचा. बावन्न गावं पार झोपलेली. पावसात पेटत नाहीत म्हणून दारं-खिडक्यांचं, वाशांचं लाकूड घालून रचलेल्या सामुदायिक चिता. हे सगळं मागे उभं असताना एका बाईचं साडेचारशे चौरस फुटांचं घर थोरल्या दिरानं लाटलं, याला प्रेक्षक किती किंमत देणार? पहिल्या वाचनालाच आमच्यातला एक जण म्हणाला होता, ‘अहो, इतकं सोसल्यावर माणूस असा वागणारच.’ हे वाक्य मला तालमीच्या काळात सगळीकडून ऐकू आलं, आणि दर वेळी मला राग आला. भूकंपाच्या नावावर सगळं जमा करून टाकलं की थोरलाही सुटतो आणि ती बाईही पुसली जाते. दुसऱ्या टोकाला, थोरल्याला मिशा पिळणारा खलपुरुष करावा तर त्यानं तिला दगडांखालून काढलं होतं त्याचं काय? नखं उखडलेल्या हातांचा खलपुरुष होत नाही.

लेखकाच्या पहिल्या खर्ड्यात तिसऱ्या अंकात धाकटी भर ग्रामसभेत उभी राहून थोरल्याला जाब विचारते असा प्रवेश होता. टाळीचा प्रवेश. संवादही खणखणीत होते. तो प्रवेश उभा करायला घेतला तेव्हा धाकटीचं काम करणारी आमची नटी, जी स्वतः निलंग्याकडची, अडून बसली. तिचं म्हणणं साधं होतं: भासऱ्यापुढं, म्हणजे थोरल्या दिरापुढं, बाई असं बोलत नाही. भासरा ओट्यावर बसलेला असेल तर धाकटी सून पदर पुढं ओढून मागच्या दारानं जाते. त्याला काही सांगायचं झालं तर पोराला सांगते, ‘तुझ्या मोठ्या बाबांना म्हणावं...’ आणि तोही पोराकडंच बघून उत्तर देतो. समोरासमोर एक वाक्य नाही, स्पर्शाची तर गोष्टच सोडा.

त्या दिवशी पुढची तालीम झाली नाही, नुसतं बोलणं झालं. कारण यातून जे निघालं ते संहितेत कुठंच नव्हतं. ज्या बाईशी या माणसानं आयुष्यात थेट शब्द बोललेला नाही तिला त्यानं काखेत हात घालून ओढून काढलं होतं. अंगावर धड लुगडं नसलेल्या अवस्थेत, पहाटेच्या अंधारात. ती दोघं नंतर त्या क्षणाबद्दल एकमेकांशी बोलणार तरी कशी? शेडमध्ये तर भिंतच नाही. एका पत्र्याखाली साड्या बांधून केलेले दोन भाग. तिथं पदर पुढं ओढायला आणि मागच्या दारानं जायला जागा कुठली? लेखकानं तो पूर्ण अंक परत नेला आणि नवा लिहून आणला. नव्या अंकात धाकटी आणि थोरला एकदाही एकमेकांशी बोलत नाहीत. सगळं बोलणं सात वर्षांच्या पोरीमार्फत. तिच्या आईवर झालेला अन्याय त्या पोरीच्याच तोंडून इकडून तिकडे जातो, आणि ती ते निरोप पाठ केल्यासारखे पोचवते. आमच्या नाटकात जे काही चांगलं होतं ते इथून सुरू झालं, असं मी म्हणेन.

थोरल्याचं कोडं मात्र सुटत नव्हतं. तो का करतो हे? लोभ हे उत्तर अपुरं होतं. माणूस घरासाठी लबाडी करतो हे खरं, पण तिला नजरेसमोरून घालवायची इतकी घाई का? याचा दुवा आम्हाला भूकंपाच्या आदल्या वर्षात सापडला. बाहेरच्या लोकांना फारसं ठाऊक नसतं, पण १९९२ च्या ऑक्टोबरमध्येही किल्लारी परिसराला धक्के बसले होते. जमिनीतून गडगडाट यायचे. लोक घरं सोडून अंगणात, शेतात झोपत होते. काही गाव सोडून पाहुण्यांकडे गेले होते. निम्न तेरणा धरणाच्या पाण्यामुळं होतंय का, अशी कुजबुज होती. मग धक्के कमी झाले, थंडी वाढली, आणि माणसं एकेक करत परत आत झोपायला गेली. लेखकानं हे आठवून नाटकात एक ओळ घातली. आधी ती कुणाच्या तोंडी द्यायची हे ठरत नव्हतं. तालमीत थोरल्याचं काम करणाऱ्या नटानं ती मागून घेतली. आदल्या वर्षी अंगणात अंथरूण टाकणाऱ्या धाकट्याला थोरलाच म्हणाला होता, ‘किती दिवस भाईर झोपणार? गाव हसायलंय. चल आत.’

तेव्हा ही ओळ ऐकायला तिथं धाकटी होती. आता जिवंत असलेल्यांत ती ऐकलेली ती एकटीच.

या ओळीनंतर नटाला वेगळं काही सांगावं लागलं नाही. शेडमध्ये ती चूल पेटवत असताना तो दर वेळी पाठ करून बसायला लागला. मी त्याला तसं सांगितलं नव्हतं. ती समोर असली की त्याचा हात गुडघ्यावर घट्ट व्हायचा. लोभ होताच, मुलाच्या लग्नाची काळजी होती, सोयरीक जुळवायला घर लागतं हाही हिशेब होता. पण घर तिच्या नावावर झालं असतं तर ती जन्मभर शेजारच्या प्लॉटवर राहिली असती, आणि रोज दिसली असती. माणसं अनेकदा ज्याचं देणं लागतात त्यालाच दूर लोटतात; दुकानदार ते ओळखतात, नाटकवाल्यांना शिकावं लागतं.

आता हिशेबाकडे येते. हा भाग पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकांना कंटाळवाणा वाटायचा आणि धाराशिव-लातूरकडं सगळ्यात जास्त कान टवकारून ऐकला जायचा. जागतिक बँकेच्या कर्जातून राबवलेल्या पुनर्वसनात जी गावं पूर्ण हलवली त्यांतल्या घरांचे तीन आकार होते: २५०, ४५० आणि ७५० चौरस फूट. कुणाला कोणतं, ते जमिनीवरून. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना सगळ्यात लहान, एक ते सात हेक्टरवाल्यांना मधलं, त्याहून जास्त असणाऱ्यांना मोठं. म्हणजे जुन्या गावात ज्याचा वाडा होता त्याला वाड्याच्या बदल्यात मोठं घर आणि मजुराच्या झोपडीच्या बदल्यात लहान. शेतमजुराच्या घरातली माणसं तेवढीच मेली होती, पण आकार ठरला आठ-अच्या उताऱ्यावरून. या नियमावर चर्चा पुष्कळ झाली, पुढंही होईल. नाटकासाठी माझा त्यातला रस एवढाच की या नियमानं भावांच्या मध्ये पाचर ठोकायला जागा करून ठेवली होती.

आमच्या नाटकातल्या कुटुंबाची सोळा एकर म्हणजे साधारण साडेसहा हेक्टर. एकत्र कुटुंब म्हणून एकच घर, मधल्या आकाराचं. पण दोन भाऊ वेगळे दाखवले तर प्रत्येकाच्या वाट्याला सव्वातीन हेक्टर येतात आणि दोघंही मधल्याच गटात बसतात: दोन घरं. धाकटा मेलेला असला तरी त्याची विधवा तिथं आहे तोपर्यंत दुसरं घर तिचं. ती ‘माहेरी गेली, दुसरं लग्न ठरलंय’ असं कागदावर आलं की ते मोकळं होतं. लेखकानं हे सगळं एका प्रवेशात बसवलं होतं. त्यात थोरला, तलाठी आणि एक ओळखीचा पुढारी चहा पिता पिता बोलतात. आवाज चढत नाही, कुणी डोळे मिचकावत नाही. तलाठी उलट सहानुभूतीनंच म्हणतो की तिचं वय काय, तिचा संसार पुन्हा उभा राहायला पाहिजे. दगा करणारी माणसं बहुतेक वेळा समोरच्याच्या भल्याचंच बोलत असतात.

मधल्या काळात वाचायला मिळेल ते वाचत होते. हाइनरिश फॉन क्लाइस्ट या जर्मन लेखकाची चिलीतल्या भूकंपावरची एक दीर्घकथा आहे, १८०७ मधली. सँटियागो शहर १६४७ साली कोसळतं तेव्हा तिकडं एक तरुण तुरुंगात गळफास घेण्याच्या तयारीत असतो आणि त्याची प्रेयसी वधस्थानाकडे नेली जात असते. भूकंप दोघांना सोडवतो. त्या रात्री शहराबाहेरच्या दरीत सगळी माणसं गरीब-श्रीमंत विसरून एकमेकांना पाणी देतात, जागा देतात, कुणी कुणाचा भूतकाळ विचारत नाही. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये धर्मगुरू या दोघांच्या पापामुळं शहर बुडालं असं सांगतो आणि तीच माणसं जमाव होऊन त्या दोघांना ठार मारतात. मला त्यातली दरीतली रात्र महत्त्वाची वाटली. किल्लारीतही पहिले काही दिवस तसेच होते. ज्यांच्या विहिरीवर एरवी सगळ्यांना पाणी नव्हतं त्यांनी सगळ्यांना पाणी दिलं, वैरी वैऱ्याच्या घरातली माणसं उपसत होता. हे मी अनेकांकडून ऐकलं आहे, आणि सांगणाऱ्याचा आवाज या ठिकाणी नेहमी वेगळा लागतो. पुण्याच्या एका मैत्रिणीनं जपानी लेखक मुराकामीचा कोबेच्या भूकंपानंतरचा कथासंग्रह दिला. त्यातल्या एका कथेत नवऱ्याला न सांगता निघून जाणारी बायको आधी पाच दिवस टीव्हीसमोरून हललेली नसते. मुराकामीची माणसं मलब्यापासून शेकडो मैल लांब आहेत. मला ती मुभा नव्हती. आमचे अर्धे प्रेक्षक मलब्यातून आलेले असणार होते.

नेपथ्य म्हणजे पत्रेच. भंगार बाजारातून जुने, गंजलेले पन्हाळी पत्रे आणले. काहींवर आधीच्या खिळ्यांची भोकं होती, त्यातून उजेडाचे ठिपके पडत. ते आम्ही ठेवले. नवे पत्रे आणले असते तर प्रकाशयोजनेची वाट लागली असती, कारण नव्या पत्र्यावरून हॅलोजनचा उजेड थेट प्रेक्षकांच्या डोळ्यांत जातो. जुन्यांवरही एक हात पांढऱ्या मातीचा द्यावा लागला. पत्र्याखाली नट शिजायचे. दिव्यांच्या उष्णतेनं दुसऱ्या अंकापर्यंत तिथं उन्हाळ्यातल्या शेडमधलीच हवा व्हायची. नट तक्रार करायचे आणि मी म्हणायचे, लोकांनी यात दोन-दोन उन्हाळे काढलेत. दिग्दर्शकांना अशी वाक्यं फार सुचतात. पावसाचा आवाज रेकॉर्ड केलेला न वापरता विंगेतून एका मुलाला वर बसवून पत्र्यावर ज्वारीचे दाणे सोडले. दाणे गोळा करून पुन्हा वापरायचो, शेवटी त्याचं पीठ झालं.

पहिले प्रयोग शहरात झाले. एका स्पर्धेतल्या परीक्षकांनी लिहिलं की खलनायक पुरेसा ठसत नाही. पुण्यातल्या प्रयोगानंतर चर्चा ठेवली होती. तिथं एका जाणत्या गृहस्थांनी मांडलं की खरा दगा व्यवस्थेचा आहे, भाऊ हे निमित्त. टाळ्या मिळाल्या. मला ते फार सोयीचं वाटलं. व्यवस्थेनं तिचा अंगठा घेतला नव्हता. अंगठा एका माणसानं, तिच्या मुलीला मांडीवर बसवून, शाईच्या डबीत धाकटीचं बोट धरून घेतला होता. आम्ही ते तसंच दाखवत होतो, आणि सभागृहातले शंभर-सव्वाशे जण ते पाहून व्यवस्थेवर बोलत होते. त्याच प्रयोगानंतर विंगेत एक पंचविशीतला मुलगा आला. भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेनं त्या भागातली बाराशे मुलं शिक्षणासाठी पुण्याला आणली, त्यांतला तो एक होता. आता नोकरी करत होता. म्हणाला, ‘माझी जमीन काका कसतो. पैसे देत नाही. दिवाळीला गेलो की मटण करतो, रडतो.’ मी विचारलं, भांडला नाहीस? त्यानं खांदे उडवले. ‘काकाशिवाय तिथं मला ओळखणारं कोण आहे?’ एवढं बोलून तो नटीला भेटायला गेला. थोरल्याचं काम करणाऱ्या नटाकडं त्यानं पाहिलंही नाही.

शेवटी तो प्रयोग, ज्याची मला भीती होती: एका पुनर्वसित गावात, शाळेपुढच्या पटांगणात. नवी गावं ज्यांनी पाहिली नाहीत त्यांच्यासाठी सांगते. सरळ रुंद रस्ते, काटकोनात वळणाऱ्या गल्ल्या, एकसारखी घरं, आणि गाव इतकं पसरलेलं की म्हाताऱ्या माणसाला देवळात जायचं तर दम लागतो. जुन्या गावातल्या भावकीच्या बोळांचा इथं मागमूस नाही. भारनियमनाचे दिवस होते, म्हणून जनरेटर भाड्यानं घेतलेला. तो लावून पाहिला आणि जमिनीत बारीक थरथर जाणवली. आमच्या वायरमननंच, कुणी न सांगता, तो ओढत नेऊन पार रस्त्यापलीकडे ठेवला आणि केबल कमी पडली म्हणून दोन दिवे कमी केले.

बायका पुढं बसल्या. प्रयोगाआधी काठावरच्या एका म्हातारीनं मला खुणेनं बोलावलं. तिचा प्रश्न एकच: ‘आवाज हाय का ओ त्येच्यात?’ मी म्हटलं, पावसाचा आहे, ज्वारीचे दाणे टाकतो. आणि दुसरा? दुसरा नाही, म्हटलं. अंक संपताना थोरला रागानं पत्र्यावर लाथ मारायचा, ती लाथ मी त्याला त्या दिवशी मारू दिली नाही. म्हातारी बसली, पण चपला पायातच ठेवून.

मला वाटलं होतं रडारड होईल. पहिला अंक लोकांनी जवळजवळ तपासणी केल्यासारखा पाहिला. शेडमध्ये चूल कुठल्या बाजूला हवी यावरून मागं दबक्या आवाजात वाद झाला. तलाठ्याचा प्रवेश सुरू झाला तसे सगळे पुरुष पुढं सरकले. सोळा एकराचं गणित थोरला बोलून दाखवतो तिथं एक जण बसल्या जागेवरून मोठ्यानं म्हणाला, ‘बरोबर हाय. सात हेक्टरच्या आत बसतंय.’ दुसऱ्यानं हरकत घेतली, ‘तलाठी असं उघड बोलत नसतोय, आधी सरपंचाला पुढं करतोय.’ आणि मग सगळेच हसले. पुढारी झालेला आमचा नट गोंधळला, त्यानं हसू ओसरेपर्यंत चहाचा कप तोंडाशी धरून ठेवला. तो त्याचा त्या भूमिकेतला सर्वोत्तम प्रयोग.

आणि मग शेवट. ग्रामसभेत यादी वाचली जाते, धाकटीचं नाव त्यात नसतं. ती काही बोलत नाही. शेडमध्ये परत आल्यावर ती पोरीला जवळ बसवते आणि नेहमीच्या पद्धतीनं, थोरल्याकडं पाठ करून, निरोप देते: ‘मोठ्या बाबांना विचार, मला काढायच्या आधी ठरलं होतं का नंतर?’ पोरगी तसंच विचारते. तिला त्याचा अर्थ कळत नाही. लेखकानं थोरल्यासाठी तीन-चार उत्तरं लिहून पाहिली होती; एकात तो रडत होता, एकात चिडत होता. आम्ही सगळी कापली. तो निरुत्तर राहायचा आणि तिथं अंधार व्हायचा. शहरांत या ठिकाणी शांतता असायची, मग टाळ्या.

इथं पोरीनं प्रश्न विचारला, थोरला गप्प राहिला, आणि दिवा उतरायच्या आधी बायकांतून कुणीतरी उत्तर दिलं. मोठ्यानं नाही, शेजारणीला सांगितल्यासारखं. ‘शेडमधी ठरलं असंल. आधी न्हाई.’ दुसरी म्हणाली, ‘आधी कसं ठरंल? आधी तर मानूस मानूस होता.’ प्रकाशवाल्या मुलानं डिमर धरून ठेवला होता, त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी खुणेनं थांब म्हटलं. त्या बायका थोरल्याची बाजू घेत होत्या असं मला वाटलं नाही. त्याच्या पापाची तारीख ठरवत होत्या. त्यांनी भूकंपाला त्यातून वगळून टाकलं. आम्ही इतके महिने जे करायला धडपडत होतो ते त्यांनी दोन वाक्यांत केलं. उपसणारे हात खरे, अंगठा घेणारे हातही खरे, आणि मध्ये जे झालं ते जमिनीच्या पोटात झालं नव्हतं. ते झालं दोन वर्षांच्या यादीत, रांगेत, उताऱ्यात, मुलाच्या सोयरिकीत, आणि ती रोज समोर चूल पेटवते यात.

प्रयोगानंतर मी त्या बायकांना शोधलं, भेटल्या नाहीत. अंधारात सगळ्या घरी गेल्या होत्या. गावातल्या एका माणसानं आम्हाला जेवायला नेलं. पिठलं-भाकरी, ठेचा. जेवताना त्यानं सहज सांगितलं की त्याचा चुलतभाऊ पलीकडच्या गल्लीत राहतो आणि दोघांचं भूकंपानंतर बोलणं नाही. चुलतभाऊ प्रयोगाला आला होता का, मी विचारलं. ‘पुढंच बसला व्हता की. सात हेक्टरचं त्योच बोलला.’ आणि त्यानं भाकरी पुढं केली.

नंतर आम्ही शेवटाला थोरल्याच्या शांततेचा वेळ वाढवला, इतका की शहरातले प्रेक्षक चुळबुळायचे. कुणी उत्तर दिलं तर हवं होतं. शहरात कधी मिळालं नाही. एकदा मुंबईच्या उपनगरात कुणाचा तरी मोबाईल वाजला, तेवढंच.

नाटक थांबल्यावर काही काळानं गुजरातेतल्या एका हौशी संचाकडून विचारणा आली. २६ जानेवारी २००१ चा कच्छचा भूकंप त्यांच्याकडे ताजा होता, त्यांना हे नाटक गुजरातीत करायचं होतं. संहिता पाठवायला माझी हरकत नव्हती, लेखकाचीही नव्हती. त्यांचा दिग्दर्शक फोनवर म्हणाला की सोळा एकर, हेक्टर, चौरस फूट वगैरे काढून टाकू, भावना तर सगळीकडे सारखीच. मी त्याला म्हटलं, तेवढं एक सोडून काहीही काढा. कच्छमध्ये बहुतेक ठिकाणी सरकारनं घरं बांधून दिली नाहीत; लोकांनी आपापली बांधली आणि मदत हप्त्या-हप्त्यानं बँकेच्या खात्यात आली. तिथं अंगठा रिकाम्या फॉर्मवर घेऊन चालणार नाही. तिथला थोरला खातं कुणाच्या नावावर उघडायचं इथून सुरुवात करील, पहिला हप्ता आला की पायापुरतं बांधकाम दाखवील, दुसऱ्या हप्त्याच्या वेळी भावजयीला कुठल्या तरी पाहुण्याकडे धाडील. त्याला वेगळा तलाठी लागेल, वेगळा चहा, आणि वेगळी घाई. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, ‘म्हणजे नवंच नाटक लिहावं लागेल.’ मी म्हटलं, बहुतेक. आमची संहिता मी पोस्टानं पाठवते. तुम्ही मला तुमच्याकडच्या मदतीचा जीआर पाठवा, हप्त्यांच्या अटींसकट.

त्यानं पाठवला. गुजरातीत होता, आमच्या लेखकानं शेजारच्या कापडदुकानदाराकडून तो वाचून घेतला आणि कोऱ्या पानावर पहिला प्रवेश लिहायला बसला.